त्वचेवाटे वेदनेला अटकाव : टेन्स यंत्राचा परिचय

वीज म्हणजे काय हे कळण्याच्या फार आधीपासून वेदनाशमनासाठी तिचा वापर होत आला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने गाउटच्या, म्हणजे वातरक्ताच्या, रोग्यास समुद्रकाठच्या ओल्या जागी टॉर्पेडो हा विद्युत्‌मत्स्य जिवंतपणी पायाखाली घेऊन पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईतो उभे राहण्यास सांगितले आहे. अमेरिकेत 1919 साली पेटंट मिळालेले ‘इलेक्ट्रीट’ हे बॅटरीवर चालणारे उपकरणही असेच अनुभवाच्या जोरावर खपत होते. त्यामागे शास्त्र असे काही नव्हते.

ते शास्त्र रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 साली मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण सिद्धान्ता’ने पुरवले. स्पर्श व कंप यांची जाणीव ए-बीटा या जाड चेतातंतूंमधून वेगाने जाते, तर वेदनेची जाणीव ए-डेल्टा व सी या बारीक तंतूंमधून सावकाश जाते. हे दोन्ही प्रकारचे तंतू मज्जारज्जूच्या मागील भागात येऊन मिळतात आणि जाड तंतूंची वर्दळ वाढली की वेदनेचा संदेश मेंदूकडे जाण्यास तेथेच अटकाव होतो, असे या सिद्धान्ताचे सार आहे. ठेच लागलेले बोट माणूस चोळतो, ते याच कारणाने. सिद्धान्तातील चेतापेशींच्या जोडण्यांचा तपशील पुढे बराच बदलावा लागला, परंतु मूळ कल्पना टिकली. वॉल आणि विल्यम स्वीट यांनी 1967 साली तीव्र जुनाट वेदनेच्या आठ रुग्णांच्या संवेदी चेतांना सेकंदाला 100 स्पंद दिले, तेव्हा चौघांना अवघ्या दोन मिनिटांच्या उत्तेजनानंतर अर्ध्या तासाहून अधिक काळ आराम पडला. त्याच सुमारास नॉर्मन शीली हे शल्यविशारद मज्जारज्जूवर विद्युतअग्रे बसवू लागले होते. शस्त्रक्रियेस योग्य रुग्ण निवडण्यासाठी आधी त्वचेवरून वीज देऊन पाहिली जाई, आणि काहींना तेवढ्यानेच उतार पडे. चाचणीचे साधन अशा रीतीने ‘टेन्स’, म्हणजे त्वचेवाटे चेतांना विजेने उत्तेजन देणे, हा स्वतंत्र उपचार ठरले.

आजचे यंत्र खिशात मावते. दुखऱ्या भागालगत, संवेदना शाबूत असलेल्या त्वचेवर चिकट पॅड लावून प्रवाह हळूहळू वाढवला जातो. मुंग्या ठळकपणे जाणवाव्यात, पण त्या दुखू नयेत, हे त्याचे प्रमाण. नेहमीच्या पद्धतीत स्पंदांची वारंवारता सुमारे 80 ते 100 हर्ट्झ असते, आणि स्पंद मायक्रोसेकंदांत मोजण्याइतके आखूड असल्यामुळे जाड तंतू आधी चेततात. 2 ते 4 हर्ट्झच्या संथ पद्धतीत प्रवाह जोरकस असून स्नायू फडफडतात, व शरीराची स्वतःची अफूसदृश द्रव्येही कामाला लागतात. पेसमेकर बसवलेल्यांनी हे यंत्र वैद्यकीय सल्ल्याशिवाय लावू नये. गळ्याच्या पुढील भागावर तर ते कोणालाच लावत नाहीत. फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत ‘शेक आणि करंट’ असा जोड उल्लेख होतो, पण येथे वीज ऊब देत नाही, आणि मूळ विकारही बरा करत नाही.

याच्या परिणामाविषयीचा वाद मात्र मिटलेला नाही. औषधाची चाचणी घेताना तुलनेसाठी खऱ्या गोळीसारखीच दिसणारी साखरेची गोळी देता येते. पण मुंग्या येणे हीच ज्या उपचाराची खूण आहे, त्याची तशी बेमालूम नक्कल करणे अवघड असते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2016 साली कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये असे सुचवले, तर 381 चाचण्यांचा 2022 मधील आढावा उपचार चालू असताना व त्यानंतर लगेच वेदना कमी होत असल्याच्या बाजूने गेला. कित्येक चाचण्यांत प्रवाह इतका क्षीण ठेवलेला असे, की त्यांचे अपयश यंत्राचे मानावे की मात्रेचे, हे ठरवता येत नाही.