यीस्टच्या घरचा पारखी

‘पाव फुगविणाऱ्या यीस्टवर काही लिहा,’ असे संपादकांनी सांगितले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा बेकऱ्या असाव्यात. मला मात्र त्या एकपेशीय जीवाच्या अंतरंगातील दुरुस्तीखात्याचे कुतूहल अधिक होते, आणि त्या खात्यातील रॅड-४ नावाच्या एका प्रथिनाने मन वेधले ते वेधलेच.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. अतिनील किरणांनी मृतप्राय झालेले सूक्ष्मजीव साध्या उजेडात ठेवले असता पुन्हा वाढू लागतात, हे आल्बर्ट केल्नर यांना १९४९ साली आढळले. १९६० मध्ये डेल्फ्ट येथे बोइकर्स आणि बेरेंड्स यांनी या किरणांमुळे थायमिन या डीएनएच्या घटकाचे शेजारचे दोन रेणू एकमेकांस घट्ट जखडतात असे दाखविले, आणि त्याच वर्षी क्लॉड रूपर्ट यांनी उजेडाच्या साह्याने डीएनए दुरुस्त करणारे विकर बेकरीच्या यीस्टमधून काढल्याचे वृत्त प्रसिद्ध केले.

अतिनील दिव्याखाली धरलेल्या यीस्टच्या दोन बशांपैकी एक उजेडात व दुसरी काळ्या कागदात गुंडाळून ठेवली, तर दोन-तीन दिवसांनी पहिलीवर मलईच्या रंगाच्या वसाहती दाट उमटतात आणि दुसरीवर विरळ. परंतु विरळ का होईना, उमटतात खऱ्या. काळोखातही काम चालू असते, याचाच हा दाखला. दुरुस्तीची रॅड जनुके बिघडलेल्या वाणाची बशी मात्र तेवढ्याच किरणांनी जवळजवळ ओस पडते.

काळोखातील या कामाचा आरंभ रॅड-४ आपल्या जोडीदार रॅड-२३ सह करतो. २००७ साली मिन आणि पाव्हलेतिच यांनी त्याची रचना स्फटिकांच्या साह्याने उलगडली, तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली: हे प्रथिन जखमेला हातही लावत नाही! डीएनएच्या दोन पदरांमध्ये आपले एक टोक खुपसून ते समोरच्या, धडधाकट पदरातील दोन घटक बाहेर वळवते आणि त्यांनाच धरून बसते. नाण्यावरचा छाप न वाचता नादावरून खोटेपणा ओळखणाऱ्या सराफासारखी ही पारख आहे. जखम कोणत्या जातीची याची चौकशी नाही, पदर सहज उघडतो की नाही एवढेच पाहायचे. मग रॅड-३ आणि रॅड-२५ पदर उलगडतात, रॅड-२ एका बाजूस व रॅड-१ आणि रॅड-१० ही जोडी दुसऱ्या बाजूस छेद देते, सुमारे पंचवीस घटकांचा तुकडा गळून पडतो, आणि समोरच्या पदराबरहुकूम नवा तुकडा भरला जातो.

परंतु या चतुराईतच अडचणीचे मूळ आहे. थायमिनची जोडी हे अतिनील किरणांचे सर्वाधिक घडणारे नुकसान, आणि तिने डीएनएची ठेवण इतकी थोडी बिघडते की एकट्या रॅड-४ ला ती सहसा सापडत नाही. वरील स्फटिक मिळविताना संशोधकांना जखमेसमोर मुद्दाम विजोड घटक घालावे लागले होते. शिवाय डीएनए प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असल्याने कित्येक जखमा गुंडाळीत दडतात. वाचन चालू असलेल्या जनुकात वाचणारे यंत्रच जखमेपाशी अडते आणि रॅड-२६ च्या साह्याने वर्दी पोचते. न वाचल्या जाणाऱ्या भागासाठी रॅड-७ आणि रॅड-१६ यांची तैनात आहे. तरीही दुरुस्तीपूर्वी पेशीविभाजनाची वेळ आली, तर रॅड-३० जखडलेल्या थायमिनांसमोर बहुधा बिनचूक दोन अॅडेनिन बसवून वेळ निभावतो. जखम मात्र जागीच राहते.

चिंता वाटते ती पुढच्या गोष्टीची. उजेडाने चालणारे ते विकर मानवाच्या पेशीत नाही. आपली सारी भिस्त या काळोखातल्या वाटेवर. रॅड-४ चा मानवी भाऊबंद, एक्सपीसी, ज्यांच्यात जन्मतः निकामी असतो त्यांना झेरोडर्मा पिग्मेंटोझम हा विकार जडतो, आणि कोवळ्या वयातही त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. दोष नेमका कोठे आहे, हे यीस्टच्या अभ्यासाने पुष्कळ उमगले. पण अशा मुलाच्या आईला वैद्य आजही मुख्यतः एवढेच सांगू शकतो की, याला उन्हात नेऊ नका.