भूमिसंपादन अधिनियम, २०१३

भूमिसंपादन, पुनर्वसन व पुनर्वसाहत करताना उचित भरपाई मिळण्याचा आणि पारदर्शकतेचा हक्क अधिनियम, २०१३ हा भारताच्या संसदेने संमत केलेला कायदा आहे. १ जानेवारी २०१४ रोजी तो अमलात आला व १८९४ चा ब्रिटिशकालीन कायदा रद्द झाला.

मोबदला ठरवताना ग्रामीण भागात जमिनीच्या बाजारमूल्याला १ ते २ यांमधील गुणकाने गुणतात. त्यात झाडे, विहीर, घर यांचे मूल्य मिळवून तेवढीच दिलासा रक्कम देतात. १० लाख रुपयांच्या जमिनीस २ हा गुणक लागल्यास ४० लाख रुपये होतात. खरेदीखतात किंमत कमी दाखवण्याची प्रथा पाहता हा आकडा वाटतो तितका उदार नाही. कलम ९६ अन्वये या रकमेवर प्राप्तिकर नाही.

संसदेतील खरा संघर्ष मात्र रकमेपेक्षा संमतीवरून झाला. खासगी कंपनीसाठी ८० टक्के, तर सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती कायद्याने आवश्यक केली. भूमिहीन शेतमजूर पुनर्वसनास पात्र असले, तरी संमती देणाऱ्यांत त्यांची गणना नाही. डिसेंबर २०१४ च्या वटहुकमाने औद्योगिक पट्टे, ग्रामीण पायाभूत सुविधा आदी पाच प्रकारच्या प्रकल्पांना या अटीतून सूट देण्याची तरतूद केली. लोकसभेने मार्च २०१५ मध्ये दुरुस्ती विधेयक संमत केले. राज्यसभेत सरकारकडे बहुमत नव्हते. वटहुकूम आणखी दोनदा काढावा लागला आणि ३१ ऑगस्ट २०१५ रोजी तो व्यपगत झाला. संमतीची अट त्यामुळे कायम राहिली.