तीन कोटी चाळीस लाख आणि उरलेल्या दहा जणी

१३ फेब्रुवारी २०२३. मुंबईत महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव सुरू झाला आणि पहिलंच नाव पुकारलं गेलं ते सांगलीच्या स्मृती मानधनाचं. पायाभूत किंमत ५० लाख. मुंबई इंडियन्स आणि रॉयल चॅलेंजर्स बंगळूर यांच्यात चढाओढ लागली आणि ३ कोटी ४० लाखांवर मुंबईने हात आखडता घेतला. त्या दिवसातली ती सर्वांत मोठी बोली ठरली. नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात गेलेल्या मुलीचं ते यश होतं आणि कृष्णाकाठच्या आम्हा सगळ्यांना ते घरचंच वाटलं.

अभिमानाच्या पोटात एक हिशोबही होता. प्रत्येक संघाला खर्चायला १२ कोटी मिळाले होते आणि त्यात किमान १५ खेळाडू बसवायचे होते. म्हणजे बंगळूरने चौथ्या हिश्श्याहून अधिक रक्कम एकटीवर लावली. खर्चाला वरची मर्यादा असलेल्या प्रत्येक खेळात हा पेच पडतो: हुकमाचं एक पान विकत घ्यावं, की सगळा डाव नीट जुळवावा?

पहिल्या वर्षी उत्तर सोपं वाटलं. बंगळूर पहिले पाचही सामने हरलं, आठांपैकी दोनच जिंकलं. स्मृतीच्या आठ डावांत १४९ धावा झाल्या. एका नावापायी संघ पोकळ राहिला, असं लोक बोलू लागले.

मात्र ज्यांनी चषक उचलला त्या मुंबईची वही उघडली, की हे बोलणं टिकत नाही. नॅट सिव्हर-ब्रंट ३ कोटी २० लाख, पूजा वस्त्राकर १ कोटी ९० लाख, हरमनप्रीत कौर १ कोटी ८० लाख, यास्तिका भाटिया दीड कोटी, अमेलिया कर १ कोटी. पाच जणींवर ९ कोटी ४० लाख! बंगळूरने स्मृती, रिचा घोष, एलिस पेरी आणि रेणुका सिंग या चौघींवर मिळून साडेआठ कोटी घातले होते. वरच्या नावांवर पैसा ओतण्यात दोघेही सारखेच होते.

फरक तळाला होता. बंगालची डावखुरी फिरकी गोलंदाज साइका इशाक मुंबईला १० लाखांत मिळाली, इझी वाँग ३० लाखांत, हेली मॅथ्यूज ४० लाखांत. या तिघींनी त्या हंगामात मिळून ४६ बळी घेतले. एकूण खर्च ८० लाख.

पुढच्या वर्षी बंगळूरने हीच खूणगाठ बांधली. स्मृतीची किंमत तीच राहिली, कर्णधारपदही तिच्याकडेच राहिलं. प्रशिक्षक बदलले, ल्यूक विल्यम्स आले. दुसऱ्या लिलावात ऑस्ट्रेलियाची फिरकी गोलंदाज सोफी मोलिन्यू ३० लाखांत आली. श्रेयांका पाटील आणि केरळची आशा शोभना प्रत्येकी १० लाखांत संघात होत्याच.

मार्च २०२४ मध्ये मुंबईविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात शेवटच्या षटकात मुंबईला १२ धावा हव्या होत्या. स्मृतीने चेंडू आशाच्या हाती दिला. अनेक वर्षं देशांतर्गत क्रिकेटमध्ये घासलेल्या, तिशी ओलांडलेल्या आणि तोवर भारताकडून एकही सामना न खेळलेल्या आशाने सहाच धावा दिल्या. बंगळूर पाच धावांनी जिंकलं.

१७ मार्चला दिल्लीत अंतिम सामना झाला. दिल्ली कॅपिटल्स बिनबाद ६४. शफाली वर्मा सुसाट सुटलेली. आठव्या षटकात मोलिन्यूच्या पहिल्या चेंडूवर शफाली झेलबाद, तिसऱ्यावर जेमिमा रॉड्रिग्ज त्रिफळाचीत, चौथ्यावर ॲलिस कॅप्सी त्रिफळाचीत. मग श्रेयांकाने १२ धावांत चार, आशाने १४ धावांत दोन बळी टिपले आणि दिल्लीचा डाव ११३ धावांत आटोपला; चषक बंगळूरने उचलला. दहापैकी नऊ बळी या तिघींचे. तिघींची मिळून किंमत ५० लाख, म्हणजे लिलावात स्मृतीची बोली जिथून सुरू झाली होती तेवढीच.

हा योगायोग म्हणावा, तर २०२५ चा हंगाम पाहावा. मोलिन्यू, आशा आणि श्रेयांका तिघीही त्या हंगामात खेळू शकल्या नाहीत. स्मृती होती, पेरी तर धावांची रास घालत होती. तरीही बंगळूर चौथ्या क्रमांकावर राहिलं.

कबड्डीतही हेच दिसतं. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामासाठी प्रत्येक संघाची तिजोरी ५ कोटींची होती. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजार लावले, निम्म्याहून अधिक. पवनच्या चढाया जोरकसच होत्या, पण संघ २२ पैकी दोनच सामने जिंकून तळाला गेला. पुणेरी पलटणनेही इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाख घातले होते. मात्र त्याच्या आधी त्यांच्याकडे तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातला अस्लम इनामदार, नाशिकचा आकाश शिंदे, मोहित गोयत, पंकज मोहिते अशी स्वतः घडवलेली पोरं होती. १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं नमवून पलटण पहिल्यांदा विजेती झाली.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हा वाद कायमचाच. तिथे क्वार्टरबॅक हा चेंडू फेकणारा, डाव चालवणारा खेळाडू. १९९४ पासून संघांच्या पगारखर्चाला मर्यादा आहे. २०२४ साठी ती साडेपंचवीस कोटी डॉलरच्या घरात होती. सिॲटलच्या संघाला २०१२ मध्ये रसेल विल्सन हा क्वार्टरबॅक नवोदितांच्या निवडीच्या तिसऱ्या फेरीतला नवखा म्हणून स्वस्तात मिळाला. वाचलेला पैसा भक्कम बचावफळीवर गेला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये अंतिम सामन्यात त्यांनी डेन्व्हरला ४३-८ असं चिरडलं. २०१५ मध्ये विल्सनचा पगार कोटींच्या कोटी उड्डाणं घेऊन वाढला. त्याच्यासह सिॲटलला पुन्हा विजेतेपद मिळालं नाही. उलट कॅन्सस सिटीने आपला क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला अवाढव्य करार दिला, २०२२ मध्ये टायरिक हिलसारखा नावाजलेला खेळाडू सोडला, त्याच्या बदल्यात नवे खेळाडू निवडण्याचे हक्क मिळवले आणि लागोपाठ दोन वर्षं बाजी मारली.

तारांकित खेळाडूचा पैसा वाया जातो, असं यातून निघत नाही. त्याची किंमत दोन धन्यांच्या चढाओढीत ठरते. त्यात स्वस्ताई कधीच नसते. नफा होतो तो ज्याची किंमत अजून कोणालाच कळलेली नाही अशा खेळाडूत. तो हेरायला नजर लागते आणि मुळात तो घडावा लागतो. संघमालक त्याला १० लाख देतो. त्याआधीची दहा-पंधरा वर्षं आईबाप, शाळेचे क्रीडाशिक्षक आणि गावातलं मैदान सोसत असतं.

आमच्या भागातल्या जत्रेच्या कुस्ती मैदानाला हे पूर्वीपासून कळलेलं आहे. पहिल्या नंबरच्या जोडीवर मोठं इनाम लागतं, त्याशिवाय गर्दी जमत नाही. पण मैदान उघडतं ते रेवड्यांवर लढणाऱ्या पोरांनी. त्याच मातीतून कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या लोकांनी पैसा लावला तो पदकाच्या आधी, नाव होण्याच्या आधी.

आज सातारा-सांगलीत टेनिस बॉलच्या स्पर्धांना लाखांची बक्षिसं लागतात. एका दिवसासाठी बाहेरचा फलंदाज पैसे मोजून आणला जातो, सामना जिंकून तो निघून जातो आणि गावाकडे राहते ती फक्त ढाल. त्या पहिल्या बक्षिसातला चौथा हिस्सा दरवर्षी तालुक्यातल्या मुलींच्या सामन्यांना, सरावाच्या खेळपट्टीला आणि एका जाणत्या प्रशिक्षकाच्या मानधनाला बाजूला काढावा, अशी माझी प्रत्येक आयोजकाला विनंती आहे. पुढची स्मृती निपजेल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. पण १० लाखांत विकली जाऊन सामना फिरवणारी एखादी साइका, एखादी श्रेयांका कराड-इस्लामपूर-विट्याच्या पट्ट्यातून नक्की घडवता येईल.