रंग कंपनीचा, मर आमची

२०१९ सालच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. खटाव तालुक्यातील आमच्या एक भगिनी साताऱ्याला आमच्याकडे आल्या. पिशवीत स्टॅम्पपेपरवरचा करारनामा, पैसे भरल्याची पावती आणि काळ्याकुट्ट कोंबड्याचे छायाचित्र असलेले गुळगुळीत रंगीत पत्रक. बाई म्हणाल्या, "जयभीम दादा. निम्म्या कोंबड्या मेल्या. पण कागद तर जित्ता हाय न्हवं?"

आम्ही कागद वाचला. शेड बाईंची, पाणी बाईंचे, विजेचे बिल बाईंचे, मरतूक बाईंची. कंपनीची जबाबदारी एवढीच की, ती अंडी आणि वाढलेले पक्षी "दर्जा पाहून" परत घेणार. दर्जा म्हणजे काय? तर पक्षी अस्सल काळा हवा. आणि तो अस्सल आहे की नाही हे ठरवणार कोण? कंपनीच! विकणारी तीच, विकत घेणारी तीच आणि न्यायाधीशही तीच. हा करार कोणत्या कंपनीचा ते आम्ही येथे सांगत नाही. त्या सुमारास कडकनाथच्या नावाने एकाहून अधिक दुकाने निघाली होती आणि कागद सगळ्यांचे एकाच वळणाचे होते.

सर्वांत गाजले ते सांगली जिल्ह्यातील तेव्हाच्या इस्लामपूरचे प्रकरण. २०१९ च्या पावसाळ्यात ते फुटले. त्याच पावसाळ्यात कृष्णेच्या महापुराने सांगली बुडाली होती. एकीकडे पुराने घरे गेली, दुसरीकडे कोंबडीने पैसा गेला. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि त्यापलीकडच्या जिल्ह्यांतील हजारो लोक अडकले. खाद्य यायचे बंद झाले, कोंबड्या उपाशी मरू लागल्या. सप्टेंबरमध्ये मुख्यमंत्र्यांची महाजनादेश यात्रा सांगली जिल्ह्यातून जात असताना आंदोलकांनी ताफ्यासमोर कडकनाथ कोंबड्या आणि अंडी फेकली, तेव्हा कुठे मुंबईच्या वाहिन्यांना ही कोंबडी दिसली!

या अडकलेल्यांत बागायतदार होते, निवृत्त नोकरदार होते, तसे आमच्या वस्त्यांतले लोकही होते. ज्यांच्या सातबारावर गुंठाभर जमीन नाही, त्यांना शेतीपूरक धंदा म्हणून परड्यात करता येईल असे दुसरे आहे तरी काय? शेळी आणि कोंबडी. म्हणूनच या विषयाला आम्ही किरकोळ मानत नाही.

आधी कोंबडीबद्दल. कडकनाथ मूळची मध्य प्रदेशातील झाबुआ, धार भागातील. भिल्ल आणि भिलाला आदिवासींनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. तिकडे तिला कालामासी म्हणतात. पिसे काळी, तुरा काळा, पाय काळे, मांसही काळे. शरीरातील काळे रंगद्रव्य कातडीखाली, स्नायूंत, हाडांवरच्या पापुद्र्यापर्यंत पसरते, असा तो आनुवंशिक गुण आहे. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि देशभर तिच्या नावाचा डंका वाजू लागला. पण पत्रकात जे छापत नव्हते ते असे की, ही कोंबडी अंगाने लहान. पूर्ण वाढलेला नर दीड-दोन किलोचा, मादी त्याहून कमी. वाढ सावकाश. वर्षाला अंडी साधारण शंभराच्या आतबाहेर. अंड्याचे कवचही काळे नसते, फिकट बदामी असते. "काळी अंडी" हा निव्वळ बाजारगप्पांचा माल! आणि ही कोंबडी खुडूक फारशी होत नाही, म्हणजे स्वतःच्या अंड्यांवर बसून पिल्ले काढण्यात ती कच्ची. पिल्ले हवीत तर तिची अंडी उबवणी यंत्रात घाला, नाहीतर गावठी कोंबडीखाली ठेवा.

मग वर्षाला शंभर अंडी देणारी, सावकाश वाढणारी कोंबडी एवढा पैसा कुठून देणार होती? कोंबडी देणारच नव्हती. पैसा देणार होता पुढचा गुंतवणूकदार. कंपनीने आज घेतलेल्या अंड्यांतून पिल्ले निघणार आणि ती उद्याच्या नव्या माणसाला चढ्या दराने विकली जाणार. तोपर्यंत जुन्याला अंड्यांचे पैसे मिळत राहणार आणि तोच गावभर सांगणार की, बघा, मला मिळाले. या साखळीत कोंबडी खाणारा माणूस नावालाच होता. ज्या दिवशी नवे गिऱ्हाईक थांबले, त्या दिवशी साखळी तुटली. तमिळनाडूत पेरुंदुराईला २०१२ साली इमू पक्ष्याच्या नावाने हेच झाले होते. पक्षी बदलला, डाव तोच.

आता रंगाचा प्रश्न घेऊ, कारण सगळी फसवणूक रंगावर उभी होती. केवळ डोळ्याला काय दिसते, आकार कसा आणि रंग कोणता, एवढेच बघून कोंबडी निवडत गेले की काय होते, याचा धडा सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात लिहिला गेला आहे. तेव्हा केंट परगण्यात ऑर्पिंग्टन नावाचे गाव होते. तेथे विल्यम कुक नावाच्या माणसाने १८८६ साली एक काळी कोंबडी तयार केली. मिनोर्का, प्लायमाउथ रॉक आणि लांगशान अशा तीन जातींचा संकर करून. हेतू स्वच्छ होता. सामान्य कुटुंबाला अंडीही मिळावीत आणि मांसही. रंग काळा का, तर लंडनच्या धुराची काजळी पिसांवर दिसू नये म्हणून! पुढे पांढरी, मग १८९४ मध्ये पिवळसर बदामी ऑर्पिंग्टनही त्याने काढली.

पण पाच वर्षांतच ही कोंबडी प्रदर्शनांच्या मांडवात गेली. १८९१ साली पार्टिंग्टन नावाच्या पालकाने लंडनच्या प्रदर्शनात फुगीर पिसांचे, दांडगे ऑर्पिंग्टन आणले. परीक्षक खूष झाले आणि मग जो तो त्याच वळणाची पैदास करू लागला. अंग भरदार, पिसारा फुललेला, रंग एकसारखा, नर चार किलोच्या पुढे. कोंबडी देखणी झाली आणि अंड्यांना उतरली. तिच्याच बहिणी जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या. तिथल्या पालकांनी पिसारा पाहिला नाही, टोपलीतली अंडी मोजली. त्याच काळ्या ऑर्पिंग्टनमधून ऑस्ट्रेलॉर्प झाली आणि १९२२-२३ च्या चाचणीत तिच्या सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १,८५७ अंडी दिली. कोंबडीमागे तीनशेहून जास्त! पूर्वज एक, रंग एक. निवडणाऱ्याची नजर तेवढी वेगळी. एका ठिकाणी निवड केली ती चषक देणाऱ्याने, दुसऱ्या ठिकाणी जिच्या घरात अंडी शिजायची तिने.

आमच्याकडे जत-आटपाडी भागात माडग्याळ मेंढीचे असेच चालले आहे. नाकाचा बाक पाहून एकेका मेंढ्याला लाखांची बोली लागते. हौशी माणसाने हौस करावी, आमची हरकत नाही. पण बाजारातली लाखाची बोली ऐकून मजुरी करणाऱ्याने कर्ज काढू नये, एवढेच म्हणणे आहे.

ऑर्पिंग्टनच्या हकिगतीत आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांच्या लक्षात आली असेल. आज जिला "शुद्ध जात" म्हणून प्रमाणपत्र मिळते, ती तीन जातींच्या संकरातून निघाली आहे. शुद्धता नंतर आली, मिसळण आधी. मराठीत कोंबडीलाही जात असते आणि चांगल्या जनावराला आपण जातिवंत म्हणतो. हा शब्द जनावरांकडून माणसांकडे आला की माणसांकडून जनावरांकडे गेला, ते भाषापंडितांनी सांगावे. पण वंशशुद्धीच्या नावाने माणसांतील जातीचे समर्थन करणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९३६ सालीच निरुत्तर केले आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि होऊ न शकलेल्या त्या भाषणात त्यांनी दाखवून दिले की, जाती निर्माण होण्याच्या आधीच भारतातील वंश एकमेकांत मिसळून गेले होते. उत्तम संतती हाच हेतू असेल तर सहभोजनावर बंदी कशासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. जातीने सुप्रजा निर्माण केली म्हणता, तर हा समाज खुजा आणि दुबळा का, हेही त्यांनी विचारले. कोंबडीची पैदास करणारा निदान परिणाम तरी मोजतो. जातीचे समर्थक तेही मोजत नाहीत.

कडकनाथच्या करारातही शुद्धतेचा असाच वापर झाला. काळेपणाचा गुण जोरकस असल्यामुळे गावठीशी संकर झाला तरी पहिल्या पिढीत बरीच पिल्ले काळीच दिसतात. म्हणजे विकताना कोणतेही काळे पिल्लू अस्सल म्हणून खपवता येते. त्यांच्या पुढच्या पिढीत रंग फुटतो. कुणाचे पाय उजळ, कुणाच्या मानेला तांबूस पिसे. तेव्हा तोच रंग दाखवून पालकाला सांगता येते, तुमचा माल अस्सल नाही! शुद्धतेची पट्टी ज्याच्या हातात असते तो ती आपल्या सोयीने लावतो, हे आमच्या समाजाला नव्याने सांगायला नको.

आता याच्याशेजारी आमच्या वस्त्यांतला जुना व्यवहार ठेवून पाहा. माण-खटावकडे शेळी अर्धलीने देतात, तशी कोंबडीही देत. तलंग तुझी, सांभाळ माझा, पिल्ले निम्मी निम्मी. कागद नाही, मुद्रांक नाही. मुंगसाने नेली किंवा मानमोडी येऊन खुराडे रिकामे झाले, तर नुकसान दोघींचे. आमची आजी सांगायची की, पूर्वी साहेब मुक्कामाला आला की कोंबडी महारवाड्यातूनच जायची आणि तिचा पैसा मिळायचा नाही. त्या वेठीला हक्काचे नाव होते. अर्धलीत निदान मर वाटून घेतली जाते. कंपनीच्या करारात नफा वाटण्याची भाषा मोठी, मर मात्र सगळी पालकाची. करार कितीही पानांचा असो, पहिल्यांदा हे बघावे की पक्षी मेला तर कोणाचा मेला.

कायद्याचे म्हणाल तर अशा प्रकरणात कंपनीचा पहिला बचाव ठरलेला असतो. ही ठेव नाही, आम्ही पक्षी विकले, बाईंनी विकत घेतले, व्यवहार पूर्ण झाला. महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा कायदा आहे. त्यात ठेवीची व्याख्या रुंद आहे. पैसा किंवा मौल्यवान वस्तू घेऊन ती रोख, वस्तू किंवा सेवेच्या रूपात परत करण्याचे वचन दिले तरी ती ठेव होऊ शकते. २०२२ साली एका मोठ्या आर्थिक घोटाळ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही या व्याख्येचा व्यापक अर्थ लावला. कडकनाथ प्रकरणातही फसवणुकीबरोबर या कायद्याची कलमे लागली. मालमत्ता जप्त करून विशेष न्यायालयामार्फत ठेवीदारांना वाटण्याची तरतूद त्यात आहे. मात्र जप्त करायला मालमत्ता शिल्लक असावी लागते आणि हक्क सांगणाऱ्याकडे कागद असावा लागतो. आमच्याकडे आलेल्यांपैकी कित्येकांनी रोख पैसे एजंटाच्या हातात दिले होते. एजंट कोण? भावकीतलाच, नाहीतर शाळासोबती. पावती मागायला लाज वाटली, म्हणाले. लाज पैसे देताना वाटायला हवी होती, असे आम्ही तेव्हा चिडून बोललो. त्याचे नंतर आम्हालाच वाईट वाटले.

सरकारचे काय? पशुसंवर्धन खात्याचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र कोल्हापुरात आहे. गिरिराज, वनराज यांसारख्या परसातल्या सुधारित कोंबड्या शास्त्रज्ञांनी मुद्दाम रंगीत पिसांच्या काढल्या, कारण पांढरी कोंबडी उघड्यावर घारीला लांबून दिसते. रंगाचा असा उपयोग असतो! पंचवीस तलंगा आणि तीन कोंबड्यांचा गट अनुदानावर देण्याची योजनाही राबवली गेली. पण अनुसूचित जातीच्या किती बायकांपर्यंत ती पोचली? तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात अर्ज मागायला गेलेल्या बाईला "निधी आला की कळवू" असे सांगतात, आणि कंपनीचा एजंट दुचाकीवरून तिच्या दारात येतो. पत्रक तोच आणून देतो, हप्ता तोच समजावतो, "ताई" म्हणून चहा तोच पितो. योजना दारात गेली असती तर एजंटाला दार सापडले नसते.

खटावच्या त्या बाईंची तक्रार नोंदली गेली, जबाब झाला, तारखा पडत आहेत. बचत गटाचे कर्ज त्यांनी रोजगार करून फेडले. मध्यंतरी एका कार्यक्रमासाठी त्यांच्या गावी गेलो होतो. परड्यात डालग्याखाली गावठी कोंबड्या होत्या आणि त्यांत एक काळा कोंबडाही. "तो राहिलाय त्यातला," बाई म्हणाल्या. "विकत का नाही?" आम्ही विचारले. त्यावर त्या म्हणाल्या, "कोर्टात दाखवाय लागला तर?" आम्ही त्यांना सांगितले की, पुरावा म्हणून कोंबडा हजर करावा लागत नाही, पावती पुरे. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

एक सूचना. ज्यांचे पैसे अशा कोणत्याही पक्षीपालन योजनेत अडकले असतील त्यांनी करारनामा, पावती, बँकेचा उतारा आणि एजंटाचे भ्रमणध्वनीवरील संदेश एकत्र ठेवावेत. मूळ कागद कोणालाही देऊ नयेत, आम्हालाही नाही. झेरॉक्स घेऊन या.