संगणकाची जोडणी : प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचा मेळ

पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेले भांडवल, हे व्यापारी घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. सुटे भाग आणून संगणक जोडतानाही हाच हिशेब लागू पडतो. मुलांच्या आग्रहाखातर महागडे ग्राफिक्स कार्ड घेतले आणि उरलेल्या पैशांत दुबळा प्रोसेसर बसवला, तर तो कार्डाला वेळेवर काम पुरवू शकत नाही. कार्डाची बरीचशी शक्ती मग पडून राहते.

पुण्याला हा विचार नवा नाही. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तो एखाद्या अतिबलाढ्य प्रोसेसरवर नव्हे, तर अनेक ट्रान्सप्युटर एकमेकांशी जोडून. जोडणीचा मेळ हेच त्याचे बळ होते.

म्हणून आधी काम ठरवावे. टॅली, जीएसटी विवरणपत्रे व पत्रव्यवहार यांसाठी स्वतंत्र कार्डाची गरजच नाही. रायझेन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय अंगभूत असते. ती मुख्य मेमरीच वापरते. त्यामुळे १६ जीबीच्या एका पट्टीऐवजी ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात.

खेळांसाठी रायझेन ५ ५६०० आणि रेडिऑन आरएक्स ६६०० ही काटकसरीची, समतोल जोडी होय. मात्र या ५६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही, आणि या कार्डासाठी किमान ४५० वॅटचा चांगला पॉवर सप्लाय हवा. मुलगी वास्तुरचना शिकत असेल, तर तिची प्रणाली एनव्हिडियाच्या कूडा तंत्रावर चालते का, हे आधी विचारावे.

नावे मोठी असूनही जोडी बिघडू शकते. आरएक्स ६५०० एक्सटी कार्डाला माहितीच्या केवळ चार वाटा आहेत, आणि ५६००जी जुन्या, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसवर चालतो. दोन्ही एकत्र आले की वाट अरुंद होते आणि कार्ड मंदावते.

खरेदी तपकीर गल्लीत असो वा अन्यत्र, पक्के बिल घ्यावे. वॉरंटीचा आधार तेच. संगणक व्यवसायासाठी असेल, तर बिलावर जीएसटी क्रमांक घालून कराची वजावट मिळते. मुलांच्या खेळासाठी असेल, तर तो खर्च घरखात्यातच लिहावा.