डब्यातल्या पाहुण्यांना 'कडू' निरोप!

गावाकडून आलेल्या ज्वारीत कडुनिंबाचा पाला दिसला की फेकून देताय? थांबा! त्या पाल्यामागे चक्क सायन्स आहे. आणि त्याच्याऐवजी येणाऱ्या गोळीमागे जिवाचा धोका.

शनिवारची सकाळ. बीडहून रात्री निघालेल्या ट्रॅव्हल्समधून आईने पाठवलेलं पोतं पुण्यातल्या तुमच्या फ्लॅटवर दाखल होतं. दहा किलो ज्वारी, थोडा हरभरा, थोडे मूग. 'पाला काढू नकोस बरं का,' फोनवर सूचना. तुम्ही 'हो हो' म्हणता आणि पाला थेट डस्टबिनमध्ये. दोन महिन्यांनी डबा उघडावा, तर आत सोंड्यांची पार्टी रंगलेली! मग रूममेट सुचवतो, 'दुकानात गोळी मिळते, टाकून दे ना.'

ती गोळी नकोच

'ती गोळी' म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याशी संबंध आला की तिच्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण १ ग्रॅम. या विषावर उतारा नाही. म्हणूनच भारतात ती घरगुती वापरासाठी नाहीच; सरकारी गोदामं आणि प्रशिक्षित पेस्ट कंट्रोलवाले यांनीच ती वापरायची, असा नियम आहे. तरीही ती घरात येते आणि बंद खोलीत झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. देशात अशा घटना पुन्हा पुन्हा घडल्या आहेत.

आजीचा फॉर्म्युला

बीडमध्ये रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते आणि पुढे वर्षभर पुरवायची असते. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबं घराला कुलूप लावून ऊसतोडीला निघतात. घरातल्या धान्याला कीड लागणं त्यांना परवडणार कसं? म्हणून आधी कडक ऊन, मग शेणाने लिंपलेली कणगी आणि धान्यात वाळलेला कडुनिंब.

कडुनिंबाची खरी ताकद निंबोळीच्या गरात असते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये दाखवून दिलं, की निंबोळीचं पाणी फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत. १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये त्यातलं ॲझाडिरॅक्टिन वेगळं काढण्यात आलं. हे द्रव्य किडीची भूक मारतं आणि तिला कात टाकू देत नाही. पाल्यात ते फार कमी असतं. त्यामुळे पाला किडीला दूर ठेवायला मदत करतो, पण आत शिरलेल्या सोंड्यांना मारेल ही अपेक्षा नको.

अर्क मात्र जास्त कामाचा. अर्धा किलो निंबोळीच्या गराची पावडर रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी गाळून १० लिटर पाणी करायचं. हाच ५ टक्के निंबोळी अर्क. तो धान्यावर ओतायचा नाही! रिकामी पोती त्यात बुडवून, खडखडीत वाळवून मगच भरायची.

तेल कुठे चालतं?

कडधान्याचा भुंगा दाण्यावर वरून अंडी घालतो. म्हणून किलोला ५ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा खाद्यतेल चोळलं की अंडी गुदमरतात. सोंडा मात्र हुशार. ज्वारी-तांदळाच्या दाण्याला भोक पाडून तो अंडं आत लपवतो, वरून बूच लावतो. तिथे तेलाचा फारसा उपयोग नाही.

आणि वेखंड? त्यातल्या असारोनमुळे किडीची अंडी वांझ होतात. पण याच कारणाने ते खाण्यात मिसळणं सुरक्षित नाही. अमेरिकेने १९६८ मध्येच अन्नात वेखंडावर बंदी घातली. पावडर नको, खडे पुरचुंडीत बांधून ठेवा. 'नॅचरल' म्हणजे निर्धोक, असं नसतं.

फ्लॅटसाठी क्विक टिप्स

• धान्य कडकडीत वाळवून, गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

• पाला सावलीत पूर्ण वाळलेलाच हवा. ओला पाला म्हणजे बुरशीला आमंत्रण.

• थोडंच धान्य असेल तर चार दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवा. अंडीसुद्धा मरतात.

• नवं धान्य जुन्यावर ओतू नका. आधी डबा रिकामा करून पुसा.

• पोत्यातून गोळी किंवा तिची राखाडी पूड आली, तर खिडक्या उघडा, खोलीबाहेर पडा आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. मळमळ किंवा धाप लागली तर थेट हॉस्पिटल.

आणि हो, पुढच्या पोत्याच्या वेळी आईचं ऐका. पाला राहू द्या!