मासा बोलत नाही

मुलांनो, कसबा बावड्याजवळचा राजाराम बंधारा तुम्ही पाहिला असेल. पंचगंगेचे पाणी फार दूषित झाले, की मासे तडफडून मरतात. घरातील काचेच्या टाकीतही असेच घडू शकते.

डिस्कस हा थाळीसारखा गोल, चपटा मासा. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन नदीचे खोरे. त्याला २८ ते ३० अंश सेल्सिअस उबदार पाणी लागते. म्हणून आपल्याकडे थंडीत टाकीला हीटर लावावा. उरलेले खाद्य कुजून अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो. ते रोज काढा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांना इजा करते, म्हणून ते घालवूनच पाणी बदला. हा मासा कळपात राहणारा. त्याला एकटा ठेवू नका. काचेवर टकटक करू नका.

मासा काळवंडला, कोपऱ्यात दडला, खाईनासा झाला, तर औषधाआधी पाणी तपासा. खराब पाणी सोडून तो जाणार कुठे?